सगळा कारखाना पहिल्या पाळीला

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, दुपार

श्री. शिवराजदाजींना प्रणयचा साष्टांग नमस्कार (ऑफिसात जागा नाही, उभ्यानंच घातलाय, आडवा समजून घ्यावा).

तुमची, तनुताईची आणि तुमच्या आईंची, म्हणजे साळूमावशींची तब्येत ठीक असेल. तुमच्या बहिणीची, सायलीची खुशाली वेगळी कळवली तरी चालेल. माझी विचारू नका. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या करमाडच्या बसच्या ड्रायव्हरकडं देतोय.

कारखान्यात जे झालं ते तुम्ही भोगलंच आहे. का झालं ते तरी ऐका. आपल्याकडं दर आठवड्याला पाळी बदलते. पहिलीवाले दुसरीला, दुसरीवाले पहिलीला. पूर्वी हे फळ्यावर खडूनं व्हायचं. साहेबांना वेबसाइटवर हवं होतं आणि मी (हौस दांडगी) एक बटण करून दिलं. ते दाबलं की डेटाबेसला दोन हुकूम जातात, त्यांना आम्ही अपडेट क्वेरी म्हणतो. पहिली क्वेरी: पहिल्या पाळीतले सगळे दुसरीत टाका. दुसरी क्वेरी: दुसरीत असतील तेवढे पहिलीत आणा. वाचायला किती सरळ. पण पहिली संपली तेव्हा अख्खा कारखाना दुसरीत जाऊन बसला होता, आणि दुसरीनं तो अख्खाच उचलून पहिलीत आणला. दोन तांब्यांतलं दूध आणि ताक बदलायचं तर तिसरं भांडं लागतं, हे घरात कुणीही सांगितलं असतं. मला कुणी विचारू दिलं नाही (म्हणजे मीच विचारलं नाही).

सोमवारी सकाळी वाळूजच्या कारखान्यात जत्रा भरली. एकेका मशीनसमोर दोघं उभे, कँटीनचे पोहे पहिल्या पंगतीतच संपले आणि दुपारी तिकडं चिटपाखरू नाही. साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सर्व्हरकडं बोट दाखवलं. तो बिचारा बोलत नाही.

मग डेटाबेसची जुनी प्रत चढवून सगळं पूर्ववत केलं आणि तिसरं भांडं आणलं: 'अधांतरी' नावाची पाळी. पहिलीवाले आधी अधांतरी, मग दुसरीवाले पहिलीत, मग अधांतरीवाले दुसरीत. तीन क्वेऱ्या. दोन झाल्या आणि सर्व्हर बसला (या वेळी खरोखरच). तुमची तुकडी मधेच लटकली आणि तुमच्या मोबाइलवर निरोप आला, 'आपली पाळी: अधांतरी.' तो तुम्ही घरात मोठ्यानं वाचलात. मावशींना वाटलं, पोराची नोकरी गेली. इथवरही निभावलं असतं. पण हे यंत्र आपल्या भावाचं, असं ताईनं कौतुकानं सांगितलं. मावशी काय म्हणाल्या तेही तिनंच कळवलं: "ज्यानं सख्ख्या दाजीला टांगून ठिवलं, त्याच्या घरात माझी सायली नाय जायची."

दाजी, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तुमचा होकार मिळाला होता, सायलीचा तर त्याआधीच. आता तिन्ही क्वेऱ्या एका गाठीत बांधल्यात: झाल्या तर तिन्ही, एक जरी अडली तर सगळं जिथल्या तिथं परत. संध्याकाळी बटण दाबायचंय, साहेब बघायला येणार आहेत. खुर्चीत बसलं की बटण दिसतं, उठलं की सायली दिसते. तिसरा चहा गार झालाय आणि मी नुसता येरझाऱ्या घालतोय.

तुमचा मेहुणा,
प्रणय

ता. क. साहेब आले, बटण दाबलं, साधलं. तुम्ही उद्या दुसऱ्या पाळीला. मोबाइलवरचा निरोप मावशींसमोर मोठ्यानं वाचावा.

ता. क. खरं काम राहिलंच. सोयरिकीलाही हाच नियम लावा. तुमचा, सायलीचा आणि मावशींचा, तिन्ही होकार एकदमच येऊ द्या. दोन आले आणि तिसरा अडला, असं नको.

ता. क. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. या नियमानं एक अडला की आलेले दोनही परत जातात, हे आत्ता लक्षात आलं. तेव्हा मावशींचं नाहीच असेल, तर वरचा नियम खोडून टाका. मी अधांतरीच बरा आहे.