‘चाव ना’ बाई

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कुत्रं सकाळी अकराला पकडलं – महापालिकेच्या पंडितरावांनी फोनवर दुजोरा दिला. वेगळं ठेवलंय, दहा दिवस नजर. बागेत सात वर्षं झाडू मारणाऱ्या सुगंधाबाईला ठेकेदाराने काढलं. हे आमचा बातमीदार दीपक याने पक्कं केलं.

रोजनिशीतही आधी बातमी! ही सवय काही जाणार नाही.

व्हिडिओ कालचा, एकवीस सेकंदांचा. बागेतला बाक. कापड दुकानवाले जगदीशभाऊ काठी उगारून ओरडतायत – “हटव त्याला! हटव म्हणतो ना!” सुगंधाबाईच्या हातात सुतळी, सुतळीला तेच कुत्रं, भुऱ्या. काठी बसते, कुत्रं गरकन फिरतं, कॅमेरा हलतो. बाई खाली वाकते आणि ओरडते – चाव ना, चाव ना! मग कुत्रं सुटून जगदीशभाऊंच्या अंगावर. भाऊ बाकावरून उलटे. दात लागला नाही, पँट फाटली.

मथळा माझाच – “‘चाव ना, चाव ना!’ म्हणत बागेत अंगावर कुत्रा सोडला”. काल दुपारीच पेपरच्या फेसबुक पानावर टाकला, आज पहिल्या पानावर. आतापर्यंत चौदाशे कमेंट. “हिलाच पिंजऱ्यात टाका.” “झाडूवालीचा माज बघा!” “कुत्र्याला नको, बाईला इंजेक्शन द्या.” या शेवटच्याला नऊशे हसरे चेहरे.

खरं सांगायचं तर मीही हसले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तिचं नाव आता ‘चाव ना बाई’. रील निघाले. पुण्याहून वहिनीचा फोन – “तुमच्या जळगावात बायका कुत्री सोडतात म्हणे अंगावर!”

दीपक तिच्या घरी जाऊन आला. कुलूप. शेजारीण म्हणाली, “गई कथी तरी. दारवर शेन फेकं लोकेस्नी.” म्हणजे दारावर शेण फेकलं.

संपादक म्हणाले, “बाई फरार – असं घ्या.” मी ‘फरार’ काढून ‘बेपत्ता’ केलं. तेवढीच माझी माणुसकी.

रविवार, १६ नोव्हेंबर

भडगावला मावसभावाच्या मळ्यात भरीत पार्टी. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याच्या पुऱ्या, वीस-पंचवीस माणसं – आणि सगळ्यांच्या हातात तोच व्हिडिओ! “अक्का, तुझी बाई लाव ना परत!” वांगं फिरवणारा गडीसुद्धा वांग्याला म्हणतोय, चाव ना, चाव ना.

यशोदामावशी खाटेवर. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी दिसत नाही. तिने नुसतं ऐकलं.

“कोन्हाले चावना व?”

“कुणालाच नाही चावला, मावशी.”

“मंग ती बाई चावना, चावना काबर वरडी ऱ्हायनी? तिलेच चावना व्हई.”

घास हातातच राहिला.

चावना. म्हणजे चावला! माझ्या आईची भाषा, अहिराणी. चौथीत पाटणकरबाईंनी हातावर पट्टी मारत घालवलेली – “पडना नाही, पडला म्हण! चावना नाही, चावला!” शिकले. इतकी पक्की शिकले की माणूस ओरडलं तरी ऐकू आलं नाही.

तिथूनच दीपकला फोन. त्याची मूळ कॉपी मागवली. तो कोल्हापूरचा, जसं ऐकलं तसं टंकलेलं. एक शब्द – चावना. मला ती टंकताना झालेली चूक वाटली. मध्ये जागा मी सोडली. मी!

व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. बाई सुतळी सोडायला वाकत नाही. स्वतःची पोटरी धरते. सुतळी त्यात सुटते.

आणि चौदाशे कमेंटच्या तळाशी एक – “ती चावना म्हनी ऱ्हायनी भो, नीट आयका.” गुरुवारपासून तिथेच आहे. खाली चार शिव्या.

आज चौथा दिवस. तिने इंजेक्शन घेतलं असेल का? रेबीजचं विष एकदा डोक्यात गेलं की उपाय नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

धुळे. शेजारणीने अखेर लेकीचा, दिपमालाचा, पत्ता दिला. दिपमालाने दारातच विचारलं, “तुमीच ना पेपरवाल्या? अजून काय छापानं बाकी शे?”

सुगंधाबाई आत, पाय चादरीखाली. चादर काढायला दहा मिनिटं लागली. पोटरीवर चार दात. हळद भरलेली. इंजेक्शन नाही.

“गऊ ना मी जळगावले दवाखानामा, त्याच दिन दुपारले. नाव इचारं, सांगं. मांगला मानूस मोबाईल काढीसन हासना – चाव ना, चाव ना! मी तशीच परत उनू.”

दुपारी! तेव्हा मथळा पडून दोन तास झाले होते.

“बांधला कशाला होता त्याला?”

“दोन दिनपाईन भाकर खाये ना तो. ढोरसना दवाखानामा लई जावासाठे बांधेल व्हता. चार वरीसमा कधी दात लावा नहीं त्यानी.”

भाकरी खात नव्हता. मी दिपमालाकडे पाहिलं. तिने लगेच रिक्षा बोलावली.

सरकारी दवाखान्यात मी नाव सांगितलं – माझं. मग डॉक्टरांच्या कानात तिचं. पहिला डोस झाला, जखमेभोवती सीरमही. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण द्यायचंच. पुढचे डोस गुरुवारी, सोमवारी. चुकवायचे नाहीत.

परत येताना तिला सगळं सांगितलं. शब्द एक होता, मी मध्ये जागा सोडली, म्हणून अर्थ फिरला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “जागा? कसानी जागा?”

थोड्या वेळाने म्हणाली, “तुमी तं आठल्याच ना, अक्का?” आठल्या – इथल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुरुस्ती छापली. पहिलं पान मागितलं, पाचवं मिळालं. संपादक – “कुत्रं धरलं, बाई गेली, विषय संपला होता. उकरलात कशाला?” मथळा कुणी केला ते नावानिशी लिहिलं. तेवढं कापलं नाही त्यांनी.

कमेंट – “पेपरने किती घेतले?” “आता भाषेचा बहाणा!” “अक्काच्या अंगावर सोडा मग कळेल.” जगदीशभाऊंचाही फोन – “मी काठी मारली हे छापायची काय गरज होती? तीन तक्रारी केल्या होत्या मी त्या कुत्र्याच्या, त्या छापा!” त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. उद्या छापते.

ठेकेदार फोन उचलत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

‘चाव ना’वर आता छापील टी-शर्ट.

गुरुवार, २० नोव्हेंबर

भुऱ्या पहाटे मेला. पंडितरावांनी दुजोरा दिला. दोन दिवस पाण्याला तोंड लावत नव्हता, लाळ गळत होती. नमुना तपासणीला गेला.

जगदीशभाऊंना कळवलं – साधा ओरखडा असला तरी आजच्या आज दवाखाना. “निघतो,” म्हणाले. मग – “अक्का, तिने घेतलं का इंजेक्शन?”

दिपमालाला फोन. दुसरा डोस नुकताच झालाय. मागून सुगंधाबाईचा आवाज – “इचार ना त्यास्ले, भुऱ्या कसा शे?”

फोन तिच्याकडे द्यायला सांगितला.

“चांगला शे,” मी म्हणाले.

अहवाल शनिवारी येईल.