पाववाल्याच्या पोरीचं पोट

३ जुलै, सोमवार

पुन्हा पोट! शाळेचे बूट चढवून ठमी दारात उभी, बेंबीवर हात, तोंड एवढंसं. म्हटलं, बरोबर सोमवारीच कसं दुखतं गं? तर बायको माझ्यावरच डाफरली — "अहो, कालही दुखत होतं. तुम्ही खाली भट्टीवर होतात." असेल. दुसरीत गेल्यापासून हेच नाटक, आता चौथी आली. दोन कोरडे टोस्ट दिले. आजारी माणसाला टोस्टइतकं हलकं दुसरं काही नाही, हे सगळी दुनिया माझ्या दुकानात येऊन सांगते. खाल्ले आणि जिन्यावर ओकली.

५ जुलै, बुधवार

नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. पठ्ठ्याने मान वर केली नाही. "जंत." संपलं! लहान असेल तर जंत, मोठा असेल तर गॅस — एवढ्या दोन शब्दांवर याने दोन मजले बांधले. निघताना वर मलाच — "संध्याकाळी ताजा ब्रेड पाठवा हो."

११ जुलै

गोळी झाली. जंत दिसले नाहीत. दुखणं जागच्या जागी.

१४ जुलै, शुक्रवार

वर्गबाईंनी बोलावलं. "घरी काही ताणतणाव?" आवाज असा, जणू मी पोरीला पिठाच्या पोत्यात कोंडून ठेवतो. म्हणे हिचं गणिताच्या तासालाच दुखतं. यांचं गणित ऐकून कुणाचंही दुखेल! घरी येऊन ठमीला विचारलं. म्हणाली, "चित्रकलेलाही दुखतं बाबा. पण तेव्हा मी सांगत नाही. चित्र राहून जातं ना."

नाटक करणारी पोर असं बोलते का? कोण जाणे.

२३ जुलै, रविवार

मेहुणा सहकुटुंब हजर. मोबाइलवर वाचून हल्ली हा सर्वज्ञ झालाय. "दाजी, मुलांना तोंडाने सांगता येत नाही ना, ते पोटातून बोलतं." याच्या पोटातून आजवर ढेकरेशिवाय काही बोललेलं मी ऐकलं नाही. बोलता बोलता अर्धा केक गट्टम.

मग त्याचा धाकटा आणि ठमी पाठीला पाठ लावून उभे राहिले — उंच कोण? धाकटा दोन वर्षांनी लहान. त्याचं डोकं वर. सगळे हसले. मेहुणा म्हणाला, "दाजी, हिला खायला देत नाही का?" बेकरीवाल्याच्या घरात बसून!

मी हसलो नाही. ती सगळी गेल्यावर गेल्या वर्षीचा गणवेश ठमीला घालून पाहिला. अजून ढगळच.

२ ऑगस्ट, बुधवार

मुलांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेले. म्हटलं, हेच कौतुक आता बिलात लागणार. पण बाईंनी जिराफाशेजारी ठमीची उंची मोजली, जुने आकडे मागितले, तोंडातले फोड पाहिले, पापण्या खाली ओढून पाहिल्या. "काय काय खातेस?" ठमी ऐटीत — "टोस्ट, पाव, बिस्किटं, केकच्या कडा. आमची बेकरी आहे!"

बाईंचं पेन थांबलं. रक्त घेतलं. ठमी रडली नाही.

१० ऑगस्ट, गुरुवार

म्हणे गव्हातलं काहीतरी हिच्या आतड्याला सोसत नाही! मी तोंडावर हसलो. पाववाल्याच्या पोरीला पाव बाधतो — उद्या माशाला पाणी बाधेल! पक्कं करायला नळी घालून आत पाहणार. तोवर नेहमीसारखंच खाऊ द्या, बंद केलंत तर तपासणी फसेल. शिकलेल्या माणसांचं शहाणपण! म्हणजे विष आहे आणि ते चालूही ठेवा.

सकाळी तिला पाव कापून दिला. सुरी नीट चालेना.

२१ ऑगस्ट, सोमवार

पक्कं झालं. सीलिॲक. नावसुद्धा कसं दातात अडकतं! जन्मभर गहू नाही. चुरा नाही, पिठाचा कण नाही. आणि आम्ही राहतो भट्टीच्या डोक्यावर!

बाई म्हणाल्या, "हे घराण्यातून येतं. तुम्हा दोघांचंही रक्त पाहू." मी बायकोकडे पाहिलं. हिच्या माहेरची सगळी पोटं काचेची. हिने मान खाली घातली. माझं? मी दगड पचवतो.

३० ऑगस्ट, बुधवार

स्वयंपाकघर घासून काढलं. मी खालीच अंघोळ करतो, कपडे बदलतो, मगच जिना चढतो. गिऱ्हाइकं विचारतात, सोवळं पाळता का? आता काय सांगणार कप्पाळ!

पण आज ठमीने दुसऱ्यांदा भात मागितला. जेवण झाल्यावर ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, सगळ्यांचं पोट असंच असतं का? काहीच न वाटणारं?"

मी उठून हात धुवायला गेलो. धुतलेलेच होते.

४ सप्टेंबर, सोमवार

बायकोचं रक्त स्वच्छ निघालं. माझ्यात आहे. एक दिवस दुखलं नाही मला, एक दिवस! आता नळी. ठमीने ऐकलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला — "घाबरू नकोस बाबा. झोपवतात आधी. काही कळत नाही."