बासष्ट काजूंची साक्ष

मी, नर्मदा आत्माराम पेडणेकर, वय ७२, धंदा शेती, राहणार इन्सुली, तालुका सावंतवाडी, आज हे मृत्युपत्र सांगते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी दम दिलेला नाही की गोडीगुलाबीने वळवलेले नाही. लिहून घेणारी अलिना ही बांद्याचे काजू व्यापारी मुख्तार शेख यांची मुलगी, शिकून वकील झालेली. मध्ये मध्ये जे माझे बोलणे येईल ते तिला गाळायचे होते. मी गाळू दिले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलगा ओंकार याला. तो गोव्यात असतो. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. त्याच्या वडिलांच्या फोटोला हार घालायचा की नाही, हेही त्यानेच ठरवावे. कारण कलम २ मध्ये येईल.

२. डोंगराकडची काजूची बाग माझी स्वकष्टार्जित आहे. कलमे बांधून, विकून मी ती घेतली. शेजारची जमीन माझा धाकटा दीर बाबली याची. त्याला माझ्या बागेतून रस्त्यापर्यंत वाट हवी होती. मी दिली नाही. २००९ च्या जानेवारीत, काजू मोहरलेले असताना, तो सकाळीच कोयता घेऊन शिरला आणि माझी बासष्ट झाडे गुडघ्याएवढी ठेवून तोडली. मी पोहोचले तेव्हा शेवटचे पडत होते. मी आडवी झाले.

"वयनी, बाजूक हो. नायतर तुका पण तोडतलंय."

मी हलले नाही. त्याने कोयता उचलला, मी डावा हात वर केला. तीन बोटे पाचोळ्यात पडली. ती पडलेली मी पाहिली, ओरडायचे मागाहून सुचले. जवळ पडलेली पहार उजव्या हाताला सापडली, ती मी त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड फुटल्याचा आवाज आला. तो आजही लंगडतो. मला त्याचे वाईट वाटत नाही, हे मुद्दाम लिहून ठेवावे.

माझी किंकाळी घरापर्यंत गेली होती. माझ्या नवऱ्याने आतून कडी घातली.

धावत आली ती बाबलीची मुलगी सारिका, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने ओढणीने माझा हात आवळून बांधला आणि बापाला म्हणाली, "आता माका पण मार!" त्याने मारले. कोयत्याची पाठ तिच्या खांद्यावर बसली. पुढे कोर्टात तिने सगळे सांगितले आणि त्याच संध्याकाळी तिचे कपडे अंगणात फेकले गेले. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. या हाताने मला कलमाची काडी धरता येत नाही. ती धरते, मी बांधते.

३. शब्दाविषयी. बाबलीच्या वकिलाचे म्हणणे असे की झाडांना रोठा, म्हणजे बुंधा पोखरणारी अळी लागली होती, झाडे मेलेलीच होती, ती तोडली तर नुकसान कसले? त्यांनी एक पदवीधर आणले. त्या गृहस्थांनी माझी बाग कधी पाहिली नव्हती. ते कृषितज्ज्ञ म्हणून उभे राहिले आणि झाडे मेलेली होती असे शपथेवर बोलले. मग वकिलांनी मला विचारले, शिक्षण किती? मी म्हटले, चौथी.

"म्हणजे तुम्ही कृषितज्ज्ञ नाही."

मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. वकील हसले. म्हणाले, कृषी म्हणजे शेती, तज्ज्ञ म्हणजे ते जाणणारा.

कोर्टात नीट बोलायचे असे ठरवून गेले होते, पण तोंडातून आपलेच आले. "मग त्यात पदवी खंय आसा? रोठो लागलो तर बुंध्याक भुसो पडता, डिंक येता. माझ्या बुंध्यांक महिन्याभरात फुटवे इले. मेलेला झाड फुटता काय?"

हाताबद्दल बाबलीला तीन वर्षांची शिक्षा झाली. झाडांबद्दल तो सुटला. निकालात लिहिले, साक्षीदार तज्ज्ञ नसल्याने तिचे मत ग्राह्य धरता येत नाही. बोटांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागले.

म्हणून माझ्या मरणाची बातमी पेपरात देताना नावापुढे कृषितज्ज्ञ लिहावे. अलिना म्हणते हा शब्द पदवीधरांसाठी वापरतात. वापरू देत. तज्ज्ञमध्ये ज दोनदा येतो, तो तपासून घ्यावा.

४. बाबलीने माझ्या तिरडीला हात लावू नये. दारात आला तर मुख्तारभाईंनी त्याला परत पाठवावे.

५. बाग, कलमांचा चाकू आणि विहीर सारिकाला. पण एका अटीवर, आणि ती अट मला मागच्या महिन्यात सुचली.

सोळा वर्षांनी बाबली फाटकाशी आला. "वयनी, माझी कलमां पिवळी पडतत. वायच बघशीत?"

सारिका म्हणाली, "काकी, जाव नको."

मी गेले. बुंध्यांशी भुसा होता, डिंक होता. यावेळी खरोखरच रोठा. 'पाणी घाल, बरी होतली' एवढे म्हटले असते तर पावसाआधी त्याची बाग गेली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मी झाडाकडे पाहिले आणि मला ते बोलता येईना. मी खाली बसले, साल तासली, तारेने अळी ओढून काढली आणि दगडाने ठेचली. म्हटले, "अशी सगळी काढ. आजच." मी त्याला माफ मात्र केले नाही, वाटभर शिव्याच घालत आले.

तर अट अशी. कोणीही झाड दाखवायला आला, तो वैरी असो, तिचा बाप असो, सारिकाने जाऊन पाहावे आणि जे असेल तेच सांगावे. ज्या दिवशी ती झाडाबद्दल खोटे बोलेल त्या दिवसापासून बाग ओंकारची. सारिकाला मी हे वाचून दाखवले. ती रडली, मग म्हणाली, "बापाशी बोलूचा नाय, झाडाशी बोलान." तेही चालेल.

६. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मुख्तारभाईंना नेमते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. सही मी स्वतः, साक्षीदारांच्या समोर केली.

नर्मदा आत्माराम पेडणेकर

आम्ही दोघांनी बाईंना सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर सह्या केल्या :
१. मुख्तार हसन शेख, बांदा
२. सत्यवान गोविंद कोठावळे, इन्सुली

स्थळ : इन्सुली
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५