निळ्या कोंबड्यांचा हिशेब

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंबरेचं ऑपरेशन, मग लेकीकडचा मुक्काम, असं वर्ष घालवून मी घरी आलो. कंबर ठीक, मन नाही. माझं खुराडं कोणीतरी लुटलंय. कोंबड्या अंगणात सोडल्यावर मोजल्या: सोळा काळ्या, सोळा पांढऱ्या आणि निळसर फक्त आठ. त्याही जुन्या, अंडी बंद झालेल्या. नवी निळी एकही नाही. निळीला गिऱ्हाईक जास्त, हे सूनबाईला पक्कं ठाऊक. तिच्या भावाच्या इथे चकरा वाढल्याचं शेजारीण सांगते. सूनबाईला विचारलं, तर म्हणाली, होत्या त्या सगळ्या आहेत. हे काय उत्तर झालं? खुराड्याची किल्ली मी तिच्याकडून काढून घेतलीय. तू कॉलेजात आनुवंशिकी शिकवतेस, तर निळ्या किती हव्यात ते लिहून पाठव. तिच्यापुढे कागद ठेवतो.

माया पातळ करू नकोस.
तुझा दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न.

कंबर चालवत जा, संशयाला जरा बसू दे.

प्रत्येक कोंबडीत रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. आम्ही त्यांना अलील म्हणतो. काळीत दोन्ही काळ्या, पांढरीत दोन्ही पांढऱ्या, निळीत एकेक. तुझ्या चाळिसांत चिठ्ठ्या ऐंशी. निम्म्या काळ्या, निम्म्या पांढऱ्या. सगळ्यांची मोकळी सरमिसळ झाली, तर पाव काळ्या, पाव पांढऱ्या, निम्म्या निळ्या होतात. म्हणजे सोळा काळ्यांमागे बत्तीस निळ्या. मग चोवीस चोरीला गेल्या म्हणायच्या. तुमच्या गल्लीत मांजर भिंतीवर चढलं तरी शेजारीण खिडकीत येते. चोवीस कोंबड्या तिला दिसल्या नाहीत?

की निळ्या जन्मल्याच नाहीत? काळे काळ्यांत आणि पांढरे पांढऱ्यांत राहिले, तर चिठ्ठ्या तेवढ्याच राहतात, जोड्या तेवढ्या बदलतात. खुराड्यात वाकून बघ. तोवर कागद कुणापुढे ठेवू नकोस.

रागावलास तरी लोभ ठेव.
धाकटी

ता. १५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काठी बाहेर ठेवून वाकलो. मध्ये जमिनीपासून छपरापर्यंत जाळी आहे. इकडे काळा कोंबडा, तिकडे पांढरा, आणि पांढऱ्याचा एक डोळा गेलेला. मुलाने सांगितलं, मी गेल्यावर दोघांची अशी जुंपली की एक मेलाच असता. सूनबाईने वेल्डर भावाला बोलावून जाळी बसवली; अंगणातही एका वेळी एकच बाजू सोडतात. मला आजारपणात घोर नको, म्हणून कळवलं नाही.

तरी मनात आलंच, जाळीला एक दिवस पुरे, मग चकरा कशाला? तोंड धुवायला न्हाणीघरात गेलो. भिंतीला लोखंडी दांडा आहे, ऑपरेशनआधी नव्हता. आल्यापासून रोज त्यालाच धरून उठतोय, कुणी बसवला हे विचारलंही नव्हतं.

किल्ली सूनबाईपुढे ठेवली. ती म्हणाली, असू दे तुमच्याकडेच.

काळा कोंबडा पांढऱ्या कोंबड्यांत सोडला तर एक चिठ्ठी त्याची, एक तिची, म्हणजे सगळी पिल्लं निळी. एवढं मला कळलं. पण जाळीचं दार कुठून उघडतं ते सापडत नाही. उद्या तिलाच विचारणार आहे. कुठल्या शब्दांत विचारू, तेवढं आज जुळवतोय.

पत्र उशिरा लिही, पण लिही.
दादा