चेण्याच्या बिबट्याबद्दल माफीनामा

सिस्टर, शुक्रवार, १२ डिसेंबर १९६९, सकाळचे अकरा वीस. चेणे गावच्या ओढ्याजवळ, अख्ख्या सहावीच्या वर्गासमोर, तुम्ही मला खोटारडी म्हणालात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, म्हणून विषय मिटला असं समजू नका.

निसर्गसहल होती. जोडीजोडीने चालायचं, पानं गोळा करायची, आणि झाडांशीसुद्धा इंग्रजीतच बोलायचं. मी मान वर केली तर ओढ्यापलीकडे बिबट्या. ओरडायला मनाई होती, म्हणून ओरडले नाही. तुमच्यापाशी आले, हात वर केला, बोलायची परवानगी मागितली. तोवर तो कशाला थांबतोय? मी त्याच्या लांब शेपटीचं सांगितलं, तुम्ही पलीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कुत्र्यालाही शेपूट असते. कल्पनाशक्ती निबंधासाठी राखून ठेव, तिथे तिची फार गरज आहे." वर सोमवारी प्रार्थनेच्या घंटेआधी लेखी माफीनामा, सुवाच्य अक्षरात, खाली वडिलांची सही. परतताना माझी चप्पल तुटली, तर खिशातून सेफ्टी पिन काढून तुम्हीच ती जोडून दिलीत, पण बोलणी चालूच होती. घरी बाबांनी विचारलं, "खरंच पाहिलास?" मी हो म्हटलं. "मग माफी कशाला लिहिलीस?" म्हणाले, आणि सही केली.

परवा नातीच्या कॉलेजात डेन्मार्कची मुलं आली, आपल्याकडचं जंगल बघायला एवढ्या लांबून. नात म्हणाली, "आजी, तू चल ना. तुझं इंग्लिश ऐकून ती पण सरळ बसतील." गेलो चेण्याला. कॉलेजने ओढ्याकाठी झाडाला कॅमेरा बांधलाय. नातीने त्यातला फोटो उघडला. बिबट्या पाणी पितोय, सावकाश, घरच्यासारखा. जागा तीच. एका सोनेरी वेणीवालीने मला विचारलं, "तुम्ही तर इथल्याच. तुम्ही कधी पाहिलात?"

सवयीने तोंडाशी "नाही" आलं होतं. "पाहिलाय," म्हटलं. "सहावीत असताना."

ती हसली नाही. "कुठल्या बाजूला गेला?" एवढंच म्हणाली.

सिस्टर, हा प्रश्न तुम्ही विचारायचा होता. मी हात करून दाखवलं, आणि सगळी मुलं तिकडे बघत राहिली, जसा काही तो आत्ता जातोय.

तेव्हा मलाही तुमचा माफीनामा हवा. सुवाच्य अक्षरात, खाली वडिलांची सही. ती मिळायला अडचण नसावी, तुम्ही आता स्वर्गात त्यांच्याच घरी राहता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकतात ते मला ठाऊक नाही, म्हणून सध्या ते फ्रिजवर ठेवलंय. आणि एक सांगते. फोटो बघितल्याबरोबर मी मागे वळले होते, हात वर करून. तुम्ही कुठे दिसता का ते बघायला.

पण त्याने काही फरक पडत नाही. येता सोमवार, प्रार्थनेच्या घंटेआधी. लेखी.