दादाची किंकाळी

१२ मार्च, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. घशाच्या दुसऱ्या ऑपरेशननंतरही डॉक्टरांनी तुला बोलू दिलेलं नाही, म्हणून फोन न करता लिहितेय. तू लिहून बोलतोस, ते अक्षर तिकडे मावशीला लागतं का? आई बरी आहे. इस्त्रीच्या दुकानात माझ्यापुढे कपड्यांचा ढीग पडलाय.

आणखी एक. मी ओरडायला शिकतेय. म्हणजे तू गाण्यात ओरडायचास तसं, खरखरीत. हसू नकोस, हसायलाही बंदी असेल.

एक बाई शिकवतात, पूर्वी नाटकात होत्या. पहिल्या दिवशी मी तुझ्यासारखी जीव खाऊन ओरडले. म्हणाल्या, "अगं, गातेस की गळा कापून घेतेस? घसा ढिला सोड. ओझं उचलताना कण्हतेस ना, तेवढाच आवाज काढ. तो मोठा करायचं काम माईकचं." श्वास पोटाने धरायचा, खरखर स्वरतंतू न घासता त्यांच्या वरच्या भागातून काढायची, खोकला आला की थांबायचं. मी दुकानात वाफेच्या आवाजात कण्हत बसायचे. मालकांनी विचारलं, "कंबर धरली का?"

एक दिवस जमलं. जराही दुखलं नाही. आणि मला रडूच आलं. तुला दर कार्यक्रमात दुखायचं, आणि दुखलं की चांगलं झालं असं तू समजायचास.

हौस म्हणून शिकतेय, असं आईला सांगितलंय. ते खरं नाही. तुझं पहिलं ऑपरेशन चालू असताना तुमच्या बँडचा ड्रमवाला माझ्या शेजारी बाकावर बसला होता. "दादा परत येईपर्यंत तू गाशील...?" एवढंच म्हणाला, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. तू आत टेबलावर होतास रे.

काल बँडच्या कार्यक्रमात गायले. तुझंच गाणं. लोक आधी तुला हाका मारत होते, मग गप्प झाले, मग माझ्याबरोबर ओरडायला लागले. दादा, गाणं संपेपर्यंत मला तुझी एकदाही आठवण झाली नाही. घरी येऊन तुझ्या खोलीत गेले, पण तिथे उभं राहवेना.

बाई म्हणतात, तू बरा झालास की तुलाही शिकवतील, अगदी पहिल्यापासून. ये. मी सोबत बसेन. तू आलास की माईक सोडीन, असं आत्ता इथे लिहिलं होतं. खोडलं. खोटं होतं ते.

रागावलास तर राग लिहून पाठव, पण लिही.

तुझीच,
तुझ्या जागी उभी राहिलेली
धाकटी