झाकणाच्या कोपऱ्यातला खड्डा

क्यूशू, खाणवस्ती
१४ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप सासूबाईंना किनुएचा वाकून नमस्कार.

तार पोचली असेल. मी बरी आहे. तुमची नात हारुए पोटभर दूध पिते. तुमचा गुडघा कसा आहे?

स्फोटात बोगदा बुजला. माणसं निघालीच नाहीत, बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेले जेवणाचे डबे तेवढे वर आले. ते कचेरीत मांडले होते. डबा ओळखला की माणूस गेला असं धरतात. हिराता कारकून म्हणाले, "वहिनी, सावकाश बघा."

सगळे डबे ॲल्युमिनियमचे, सारखेच. भातावरच्या खारवलेल्या आलुबुखाराच्या आंबटपणानं बहुतेक झाकणांना मधोमध खड्डा पडला होता. एकाच झाकणाला खड्डा कोपऱ्यात होता. "आई कोपऱ्यात ठेवायची, शेवटी खायला," असं हे सांगायचे, म्हणून मीही तसाच डबा भरायची.

"हा आमचा," मी म्हटलं.

"नक्की ना? मग नाव लिहितो."

"लिहा."

रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

डब्यात अर्धा भात उरला होता. टाकवेना, म्हणून घरी येऊन मीच खाल्ला.

खाणीची खोली महिनाअखेर सोडायची आहे. हारुएला घेऊन तुमच्याकडे राहायला आले तर चालेल का? शेतातलं सगळं काम मला येतं.

तुमचीच सून,
किनुए